भाडेकरूचा किल्ला: तरंगंबाडीच्या डान्सबोर्ग संग्रहालयाचं एक प्रकरण

तंजावरला जाणाऱ्या मराठी सहलींचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. बृहदीश्वराच्या आवारात १८०३ सालचा भोसले घराण्याचा भला लांबलचक मराठी शिलालेख, मग राजवाडा, दरबार, सरस्वती महाल ग्रंथालय आणि संध्याकाळी पितळी दिव्यांची खरेदी. एवढं उरकलं की हातात एक दिवस शिल्लक राहतो आणि गटातलं कोणीतरी म्हणतं, "समुद्र बघून येऊ." नकाशावर सर्वांत सोयीचं नाव दिसतं तरंगंबाडी. तिथे डेन्मार्कवाल्यांनी बांधलेला किल्ला आहे आणि त्यात एक लहान संग्रहालय.

या टिपणात अशाच एका दिवसाचा विचार केला आहे. नमुन्यादाखल गट धरला आहे बावीस जणांचा: एक मिनीबस, चार-पाच सत्तरीतले, सहा शाळकरी मुलं, बाकी मधले. मुक्काम तंजावरला, वेळ सकाळी साडेसहा ते रात्री आठ. अशा गटाचा इथला अनुभव बऱ्याचदा "किल्ला छान, म्युझियममध्ये काही नाही" या एका वाक्यात संपतो. ते तसं का होतं आणि तोच दिवस वेगळा कसा लावता येतो, एवढाच प्रश्न.

आधी वार, मग ऋतू

तामिळनाडूच्या राज्य पुरातत्त्व खात्याचं हे संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. महाराष्ट्रात संग्रहालय म्हटलं की सोमवारची सुट्टी डोक्यात बसलेली, त्यामुळे सोमवार टाळून शुक्रवारी जाणारे हमखास निघतात. वेळ साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच-साडेपाच. सणाच्या सुट्ट्या वेगळ्या, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला तामिळमध्ये फोन करून विचारायला लावणं हा सर्वांत भरवशाचा उपाय.

दुसरी चूक ऋतूची, आणि ती जास्त महागात पडते. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर. कोरोमंडल किनाऱ्याचा खरा पाऊस पडतो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. म्हणजे दिवाळीची सुट्टी, जी आपल्याकडे सहलीची हक्काची, नेमकी तिथल्या वादळांच्या दिवसांत येते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पाणी साचलं की रस्ते मंदावतात आणि तीन तासांचा प्रवास साडेचारवर जातो. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दिवाळीशिवाय जमतच नसेल तर हवामान खात्याचा अंदाज बघून तरंगंबाडीचा दिवस मागेपुढे सरकवता येईल असा ठेवावा. तंजावरची बरीच ठिकाणं छपराखालची आहेत, ती कधीही होतात. एप्रिल-मेमध्ये अंगणातला दगड दुपारी इतका तापतो की मुलं सावली सोडून हलत नाहीत.

रस्ता सोपा. तंजावरहून कुंभकोणम चाळीस किलोमीटर, तिथून मयिलाडुतुरै पस्तीस, पुढे तरंगंबाडी तीसेक. साडेसहाला निघून कुंभकोणमला इडली-कॉफी घेतली तर दहाच्या आसपास किल्ल्याच्या दारात उभं राहता येतं. रेल्वेने जायचं तर मयिलाडुतुरैपर्यंतच. पुढचा मीटरगेज फाटा केव्हाच बंद झाला, तिथून बस. बसवरच्या पाट्या तामिळमध्ये असतात. "पोरैयार" किंवा "तरंगंबाडी" विचारावं, आणि गावात शिरल्यावर "डेनिश कोट्टै". शेवटचं 'बाडी' आपल्या कानाला वाडीसारखं लागतं, पण तामिळ लोक नावाचा अर्थ 'लाटा गातात ती जागा' असा सांगतात. तरंग मात्र तोच, आपल्या ओळखीचा. डेन लोकांनी त्याचं 'त्रांकेबार' केलं आणि इंग्रजांनी तेच उचललं.

स्वच्छतागृहाचा थांबा मयिलाडुतुरैलाच उरकून घ्यावा. माणशी दीड लिटर पाणी बसमध्ये असू द्यावं. किल्ल्याच्या आसपास दुकानं आहेत, पण बावीस जण एकदम गेले तर थंड बाटल्या संपतात.

भाडं कोण कोणाला देत होतं

गटाचा दिवस वाचवायचा असेल तर बसमध्येच, कुंभकोणम ते मयिलाडुतुरै या टप्प्यात, पंधरा मिनिटं एक गोष्ट सांगून टाकावी. ती न कळता आत गेलं की किल्ला म्हणजे 'गोऱ्यांनी बांधलेली आणखी एक इमारत' एवढाच उरतो.

१६१८ मध्ये ओवे गेडे या तरुण डॅनिश दर्यासारंगाच्या हाताखाली कोपनहेगनहून जहाजं निघाली, श्रीलंकेकडे. त्यांच्या पुढे रोलांट क्रापे नावाचा डच माणूस एक जहाज घेऊन गेला होता. कारैकालजवळ पोर्तुगीजांनी ते जहाज बुडवलं, क्रापे वाचला आणि तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्या दरबारात पोचला. श्रीलंकेत डेन लोकांच्या हाती काही लागलं नाही, तंजावरला लागलं. नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला. नायकाने एक कोळीगाव आणि भोवतालची जमीन व्यापारासाठी दिली, वर्षाला ३,१११ रुपये भाड्यावर. नायकाचं डेन्मार्कच्या राजाला लिहिलेलं तामिळ पत्र सोन्याच्या पत्र्यावर आहे आणि ते आजही कोपनहेगनच्या अभिलेखागारात जपलेलं आहे.

म्हणजे हा जिंकलेला मुलूख नव्हे. ही भाड्याची जागा. मालक तंजावरला बसत होता आणि भाडं थकलं की फौज घेऊन येत होता. १६७५-७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, तेव्हा मालक बदलला आणि डेन लोक मराठ्यांचे भाडेकरू झाले. १७व्या शतकाच्या अखेरीस व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा घातला होता. मद्रासच्या इंग्रजांची कुमक आल्यावर तो उठला. हे ऐकल्यावर बसमधली झोपलेली मंडळी साधारण जागी होतात. डेन्मार्कच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा हे आपल्या शाळेच्या पुस्तकात नसतं.

एक माणूस मात्र स्वतंत्र सांगण्यासारखा आहे. डेन्मार्कची पहिली कंपनी डबघाईला आली आणि १६४३ नंतर पंचवीसएक वर्षं मायदेशाहून एकही जहाज आलं नाही. किल्ल्यातले डेन एकेक करून मेले किंवा निघून गेले. १६५५च्या सुमाराला उरला एकच, एस्किल्ड अँडर्सन काँग्सबाके. साधा माणूस, लिहिता-वाचता न येणारा. त्याने स्थानिक शिपायांच्या जोरावर किल्ला राखला, बंगालच्या उपसागरात जहाजं पकडून विकली, त्या पैशांतून गावाभोवती तट उभा केला आणि थकलेल्या भाड्यासाठी आलेल्या नायकाच्या फौजांना तोंड देत शेवटी तहही केला. मे १६६९ मध्ये 'फेरो' नावाचं जहाज आलं तेव्हा डेन्मार्कला कळलं की आपली वखार अजून आपलीच आहे. चौदा वर्षं एकट्याने भाड्याची खोली अडवून बसलेला हा माणूस. पागडीच्या खोल्यांचं शहर माहीत असलेल्या वाचकाला याहून जास्त समजावायला नको.

कपाटांकडे शेवटी जा

दारात तिकीट काढलं की गट सरळ संग्रहालयाच्या खोल्यांत घुसतो. इथेच दिवस बिघडतो. खोल्या लहान, बावीस माणसं एकाच वेळी शिरली की काचेच्या कपाटापुढे तीन ओळी लागतात; मागच्यांना दिसत नाही, पुढचे ढकलले जातात, दहा मिनिटांत सगळे बाहेर. उपाय साधा: गट दोन भागांत तोडायचा. अकरा जण इमारत बघतात, अकरा कपाटं. चाळीस मिनिटांनी अदलाबदल. ज्येष्ठ मंडळींना पहिल्या फेरीत इमारतीच्या भागात ठेवावं, कारण अंगण साडेअकरानंतर तापतं. जुन्या पायऱ्या घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, पावसाळी हवेत त्यांवर ओल असते. हात धरायला एक जण सोबत हवाच.

इमारत हीच इथली मुख्य वस्तू आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवावा. किल्ला समुद्राकडे तोंड करून, पूर्वेला. भोवती तट, त्यातून बाहेर आलेले बुरूज. एके काळी बाहेर खंदक आणि त्यावर उचलता पूल होता. आता खंदकाचा मागमूस नाही, त्यामुळे मुलांना "पाणी कुठे होतं सांगा" असं विचारलं तर ती बराच वेळ शोधत राहतात. तटाच्या आतल्या तीन बाजूंना लागून एकमजली खोल्यांची रांग: बराकी, गोदाम, स्वयंपाकघर, तुरुंग. दक्षिणेकडच्या खोल्या बऱ्या अवस्थेत आहेत, पश्चिम आणि उत्तरेकडच्यांची पडझड बरीच. चौथ्या, समुद्राकडच्या बाजूला मुख्य दुमजली इमारत.

या दुमजली इमारतीपुढे थांबून एवढंच सांगायचं: खाली दारूकोठार आणि माल, वर बिऱ्हाड. खालच्या कमानदार छताच्या खोल्यांत कोठार, वरच्या मजल्यावर गव्हर्नर, वरिष्ठ व्यापारी, पाद्री आणि देवघर म्हणावं तसं चर्च. पुण्यातल्या रविवार पेठेत किंवा साताऱ्यात भवानी पेठेत जुन्या पेढ्या पाहिलेल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही. माल डोळ्यांखाली राहावा म्हणून मालक त्याच्या डोक्यावर राहतो. वरच्या चर्चला जागा अपुरी पडू लागली. १७०१ मध्ये गावात झायन चर्चचं लोकार्पण झालं आणि देव किल्ल्याबाहेर गेला.

खालच्या खोल्यांत शिरलं की गारवा जाणवतो. जाड भिंती आणि कमानी: छताचा भार तुळयांवर न पेलता बाजूच्या भिंतींत उतरतो, म्हणून लाकूड कमी लागतं. वाळवी आणि खारी हवा असलेल्या किनाऱ्यावर ही अक्कलहुशारी. अशा खोलीत भिंतीच्या खालच्या मीटरभराकडे बॅटरी तिरकी धरून बघावं. गिलावा फुगलेला, पांढरी भुकटी सुटलेली दिसेल. जमिनीतली ओल मीठ घेऊन भिंतीत चढते, पाणी वाळतं, मीठ आत स्फटिक होऊन बसतं आणि गिलाव्याला आतून ढकलतं. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडतो, म्हणून तो हळूहळू झिजतो आणि पुन्हा लावावा लागतो. त्यावर सिमेंटचं ठिगळ मारलं की ओल अडकते, वरच्या बाजूला सरकते आणि काही वर्षांत ठिगळासकट आतली वीटही सुटते. आपल्याकडच्या जंजिरा, सुवर्णदुर्ग, कुठल्याही सागरी किल्ल्यावर हेच दिसतं. बोट लावून भुकटी पाडायचा मोह मुलांना होतो. एकाला पाडू दिली की अकरा जण पाडतात.

किल्ला इतका नीट उभा दिसतो तो दुरुस्त्यांमुळे. इंग्रजांनंतर तो बराच काळ सरकारी विश्रामगृह म्हणून वापरात होता. १९७८ मध्ये राज्य पुरातत्त्व खात्याकडे आला आणि संग्रहालय झालं. २००१च्या सुमाराला डेन्मार्कच्या मदतीने मोठी दुरुस्ती झाली, २०११ मध्ये आणखी एक.

तुरुंगाची खोली दाखवताना एक नाव हाताशी असावं: बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग. जर्मन पाद्री, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला, जुलै १७०६ मध्ये इथे उतरला. कंपनीच्या अधिकाऱ्यांना धर्मप्रसार म्हणजे धंद्यात खोडा वाटे. गव्हर्नर हासियसने त्याला याच किल्ल्यात चार महिने डांबलं होतं. राजाचा माणूस राजाच्याच किल्ल्यात कैदी. वसाहतवाले सगळे एका सुरात बोलत, हा समज इथे मोडतो.

बरणी

आता कपाटं. वस्तू अशा: चिनी मातीची भांडी, डॅनिश हस्तलिखितं, काचसामान, चिनी चहाच्या बरण्या, दगडी दिवे, भाजक्या मातीच्या आणि चुनेगच्चीच्या मूर्ती, तलवारी, कट्यारी, भाले, लाकडी काम. शिवाय देवमाशाच्या सांगाड्याचा तुकडा, अवजड जाती आणि लहान तोफगोळे. मुलं देवमाशापाशी खिळतात. खिळू द्यावं, ओढून नेण्यात अर्थ नाही.

फलक थोडक्यात असतात, आणि जुन्या काचेवर उजेड पडला की तेवढेही वाचता येत नाहीत. सगळं बघायचं ठरवलं तर काहीच बघितलं जात नाही. आमचा सल्ला असा की जोडीजोडीने एकच वस्तू निवडावी आणि तिच्यापुढे पाच मिनिटं उभं राहावं. एकच निवडायची तर चहाची बरणी.

बरणी आपल्याला ठाऊक आहे. लोणच्याची, मुरांब्याची, तोंडाला दादरा बांधलेली. इथल्या बरणीकडे त्याच सवयीने बघावं. झिलई कुठपर्यंत आली आहे? अशा साठवणीच्या बरण्यांना बहुधा बुडाशी झिलई नसते, कारण भट्टीत ती खालच्या बैठकीला चिकटली असती. झिलईचा ओघळ जिथे थांबतो ती रेघ शोधावी. खांद्यावर छोटे कान आहेत का? असले तर ते झाकणावरून दोरी आवळण्यासाठी, म्हणजे दादऱ्याचीच चिनी तऱ्हा. तोंड किती रुंद, हात जाईल का? ओतायची वस्तू होती की काढायची, ते तोंडावरून कळतं. कपाटाला टेकायचं नाही, बॅटरी काचेला चिकटवून धरायची म्हणजे परावर्तन येत नाही. फोटो काढायची परवानगी आधी विचारावी, फ्लॅश नाहीच.

आणि मग खरा प्रश्न: डेन्मार्कच्या किल्ल्यात, तामिळ किनाऱ्यावर, चीनची बरणी कशाला? १७३२ मध्ये कोपनहेगनात नवी आशियाई कंपनी निघाली आणि तिचा मोठा धंदा कँटनच्या चहाचा होता. डेन लोक स्वतः तेवढा चहा पीत नव्हते. इंग्लंडमध्ये चहावर जबर कर होता, त्यामुळे कोपनहेगनला उतरलेला बराचसा चहा पुढे चोरवाटांनी इंग्लंडला जाई. १७८४ मध्ये इंग्रजांनी कर एकदम उतरवला आणि या चोरट्या धंद्याची कंबर मोडली. छोट्या देशाने मोठ्यांच्या भांडणात आणि कायद्यांच्या फटीत धंदा केला, हे तरंगंबाडीच्या बहुतेक भरभराटीचं सूत्र आहे. मोठे लढत असताना तटस्थ झेंडा विकला जातो. १८०१ मध्ये आणि पुन्हा १८०८ ते १८१५ इंग्रजांनी गाव ताब्यात घेतलं तेव्हा ही तटस्थता संपली, आणि गावाची रयाही.

संग्रहालयात चिनी माती आणि दगड भरपूर दिसतो तो खाऱ्या हवेने केलेल्या निवडीमुळे. ज्यासाठी जहाजं इथवर येत होती ते कोरोमंडलचं सुती कापड अशा हवेत शतकं काढू शकत नाही. चिनी मातीला मीठ आणि ओल काही करत नाही, लोखंडाला करते. तलवार-भाल्यांवर नारिंगी भुकटी किंवा पापुद्रे दिसले तर ते जिवंत गंजाचं लक्षण, काळपट घट्ट थर असेल तर गंज थांबलेला. मुलांना हा फरक एकदा दाखवला की ती पुढच्या प्रत्येक संग्रहालयात तो शोधतात. म्हणून कपाटं बघताना जे नाही त्याची यादी मनात करावी: कापड नाही, मिरी नाही, सुकाणू-दोरखंड नाहीत, आणि इथल्या विणकराचं, हमालाचं, शिपायाचं नाव फार क्वचित. काँग्सबाकेने किल्ला 'एकट्याने' राखला म्हणतात, पण तोफेला बत्ती देणारे हात त्याचे एकट्याचे नव्हते.

दुपार

बारा-सवाबाराला किल्ला सोडावा. जेवण पोरैयारला, अगदी जवळ. मोठा गट आणि वातानुकूलित जागा हवी तर कारैकाल पंधराएक किलोमीटर दक्षिणेला. कारैकाल फ्रेंचांचं, त्याच्या खाली नागपट्टिणम आधी पोर्तुगीजांचं, मग डचांचं. अर्ध्या दिवसाच्या टापूत युरोपातले चार देश. उत्तरेला कडलूरजवळचा किल्ला तर इंग्रजांनी १६९० मध्ये जिंजीच्या मराठ्यांकडून विकत घेतला, राजाराम महाराज जिंजीत असताना. म्हणजे या किनाऱ्यावर जागा भाड्याने देणारे आणि विकणारेही आपल्याच बखरीतले होते.

तीननंतर परत गावात यावं. फोटो काढणाऱ्यांसाठी: किल्ल्याची समुद्राकडची बाजू सकाळी उजळते, अंगणाकडची दुपारी. कोकणच्या माणसाला समुद्रावर सूर्यास्त हवा असतो. इथे समुद्रातून सूर्य उगवतो, संध्याकाळी पाणी राखाडी होत जातं. ही गोष्ट आधी न सांगितल्यामुळे सूर्यास्तासाठी साडेसहापर्यंत थांबून हात हलवत परतलेले गट कमी नाहीत.

किंग स्ट्रीट हा गावाचा कणा. शेवटाला गावाचं वेशीचं दार, आत्ताचं १७९२ सालचं, गव्हर्नर पेटर आंकरच्या काळातलं. वर डेन्मार्कचं राजचिन्ह. आंकर मूळचा नॉर्वेचा, तेव्हा दोन्ही देश एका राजाखाली होते. तो इथली देवळं आणि निसर्ग जलरंगात काढत बसे. ती चित्रं आता ओस्लोत आहेत. रस्त्यात झायन चर्च आणि समोर त्सीगेनबाल्गचं १७१८ सालचं न्यू जेरुसलेम चर्च. पुढच्याच वर्षी, १७१९ मध्ये, तो छत्तिसाव्या वर्षी वारला आणि त्याच चर्चमध्ये पुरला गेला. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा बघे म्हणून शिरू नये. इतर दिवशी कुलूप असलं तर शेजारी विचारलं की किल्ली येते. देणगीपेटीत काही टाकावं.

त्सीगेनबाल्गचं राहतं घर हे वेगळं संग्रहालय आहे, किल्ल्याशी त्याचा कारभाराचा संबंध नाही, म्हणून वेळा आणि सुट्ट्या वेगळ्या. मुद्रणाची आवड असलेल्यांनी ते चुकवू नये. इथल्या मिशनच्या छापखान्यात तामिळ खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, वापरून १७१४-१५ मध्ये बायबलचा नवा करार छापला गेला. पहिले खिळे जर्मनीत हाले इथे पाडले होते, पण ते मोठे, कागद फार खात. मग लहान खिळे इथेच ओतले गेले आणि कागदाचा कारखानाही जवळच उभा राहिला. गावाजवळ एका वस्तीला अजून 'कडुदासि पट्टरै', म्हणजे कागदाचा कारखाना, असंच नाव आहे.

शेवटी पाण्यापाशी मासिलामणीनाथाचं देऊळ, १४व्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं, पांड्य राजाच्या काळातलं. पुढचा भाग समुद्राने केव्हाच नेला. उरलेल्याला दगडांच्या बांधाने धरून ठेवलं आहे. नायकाने जागा भाड्याने दिली तेव्हा हे देऊळ तीनशे वर्षांचं होतं. बांधावर मुलांना चढू देऊ नये, दगड हलते आणि शेवाळलेले असतात, खाली खोल खळगे. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत इथल्या कोळीवस्तीतली शेकडो माणसं गेली. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि "लाट कुठपर्यंत आली होती" हा प्रश्न सहलीच्या सुरात विचारू नये.

बिघडण्याच्या चार जागा

शुक्रवार आणि दिवाळीचा पाऊस वर आलेच. तिसरी जागा वाटाड्या. रस्त्यात भेटणारे काही जण किल्ला पोर्तुगीजांचा किंवा ब्रिटिशांचा सांगून मोकळे होतात, काही जण 'इथून तंजावरपर्यंत भुयार' दाखवतात. शंभर किलोमीटर भुयार कावेरीच्या गाळातून, जिथे सहा फुटांवर पाणी लागतं. हे मुलांना हिशेबानेच समजावून द्यावं. चौथी जागा घाई: पूंपुहार, कारैकालचं अम्मैयार देऊळ, वेळांकण्णी, सगळं त्याच दिवशी कोंबायचं. तरंगंबाडीला किल्ल्यासाठी दोन तास आणि गावासाठी दोन तास लागतात. त्यापेक्षा कमी वेळ असेल तर गाव सोडून फक्त किल्ला करावा, उलट नको.

१८४५ मध्ये डेन लोकांनी तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकलं. भाडेकरूने जागा विकली, आणि ती घेणाऱ्याने तोवर मालकालाही गुंडाळलं होतं: १७९९ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांकडून मुलूख इंग्रजांकडे गेला होता, राजांकडे तंजावर शहरच काय ते राहिलं. दहा वर्षांनी, १८५५ मध्ये, तंजावरची गादीच खालसा झाली.

रात्री तंजावरला परतल्यावर दुसऱ्या सकाळची एक तासाची भर घालता येते, आणि ती घालावीच. बृहदीश्वराला लागून शिवगंगा बागेत श्वार्ट्झ चर्च आहे. क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीला, याच डॅनिश मिशनमध्ये उतरला आणि पुढे लहानग्या सरफोजींचा पालक झाला. तो १७९८ मध्ये वारला. सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्याचं संगमरवरी स्मारक करून घेतलं: पलंगावर मरणासन्न पाद्री आणि त्याचा हात हातात घेऊन उभा मराठा राजा, डोक्याला पागोटं, अंगात जामा. थडग्यावरच्या इंग्रजी ओळी राजाने स्वतः रचलेल्या आहेत. चर्चला बहुतेक वेळा कुलूप असतं. राखणदार बागेच्या बाजूला सापडतो. सकाळी नऊच्या आत गेलं तर खिडकीतला उजेड थेट शिल्पावर येत नाही, तेव्हा बॅटरी सोबत असू द्यावी, कालचीच.